मेंदूत कोणत्या डोळ्याचे किती चालते

पारोळा तालुक्यातील एका शाळेत दृष्टितपासणीच्या वेळी दुसरीतली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. तिचा उजवा डोळा झाकला, तेव्हा तिने तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचली. डावा झाकला, तेव्हा तिची मान हळूच वळली आणि झाकलेला डोळा माझ्या बोटांच्या फटीतून तक्ता शोधू लागला. फट बुजवल्यावर सर्वांत वरचे मोठे अक्षर सांगून ती गप्प झाली. निरोप पाठवून आईला बोलावले. तिने मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवून डोळा निरखून पाहिला आणि विचारले, “डोया ते चांगला शे, मंग तिले दिखत काबर नही?”

प्रश्न अगदी योग्य होता. बुबुळावर फूल नव्हते, मोतीबिंदू नव्हता, आतला पडदाही पुढे डॉक्टरांनी तपासल्यावर स्वच्छच निघाला. उजव्या डोळ्याचा नंबर मात्र डाव्यापेक्षा बराच जास्त होता आणि तो नंबर चष्म्यात बसवूनही तिला वरच्या दोन-तीन ओळींच्या खाली जाता येत नव्हते. काच बरोबर, डोळा निरोगी, तरीही नजर कमी, याला अँब्लिओपिया म्हणतात आणि बोलीत आळशी डोळा. शंभर मुलांमध्ये साधारण दोन-तीन मुलांना तो असतो. आळशी हा शब्द मला अन्यायाचा वाटतो, कारण त्या डोळ्याने काम कधीच सोडलेले नसते. तो पाठवत असलेली खबर मेंदूत ऐकली जात नाही, आणि ती का ऐकली जात नाही हे समजायचे असेल, तर उशीवर डोके टेकताना जो भाग खाली येतो, तिथल्या मेंदूपर्यंत जावे लागते.

डावा डोळा उजव्या मेंदूशी आणि उजवा डोळा डाव्या मेंदूशी जोडलेला असतो, असे चांगली शिकलेली माणसेही सांगतात, पण ते अर्धेच खरे आहे. प्रत्येक डोळ्यातून सुमारे दहा-बारा लाख तंतूंची एक जाड नस निघते. दोन्ही नसा नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी एकत्र येतात आणि तिथे त्यांची वाटणी होते. पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागातून आलेले तंतू पलीकडे जातात, तर कानाकडच्या अर्ध्या भागातले आपल्याच बाजूला राहतात. भुसावळच्या फलाटावर उभे राहून समोरच्या घड्याळावर नजर लावली आणि डावीकडून गाडी आली, तर ती दिसते दोन्ही डोळ्यांना, पण दोन्ही डोळ्यांतील तिची खबर पोहोचते उजव्या मेंदूत. म्हणजे मेंदूची वाटणी डोळ्यांनुसार नसून नजरेच्या डाव्या-उजव्या बाजूंनुसार आहे, आणि मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात दोन्ही डोळ्यांचे तंतू शेजारी शेजारी येऊन पोहोचतात.

शेजारी येतात, पण मिसळत नाहीत. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग आहे. त्यात दृष्टीचे जे ठाणे आहे, त्याला सहा थर असतात. पहिला, चौथा आणि सहावा थर पलीकडच्या डोळ्याचा, तर दुसरा, तिसरा आणि पाचवा त्याच बाजूच्या डोळ्याचा. नागपूरकडून आणि खंडव्याकडून आलेल्या गाड्या एकाच जंक्शनात याव्यात, पण प्रत्येकीचा फलाट ठरलेला असावा, तसा हा प्रकार आहे. तिथून पुढे निघालेले तंतू डोक्याच्या मागच्या बाजूला एका खोल घडीच्या दोन्ही काठांवर पसरतात. हा मेंदूच्या सालीचा अवघा दोन मिलिमीटर जाडीचा भाग म्हणजे प्राथमिक दृष्टिबाह्यक, ज्याला इंग्रजी पुस्तके व्हिज्युअल कॉर्टेक्सचा पहिला टप्पा मानतात. कापलेल्या मेंदूत तिथे एक बारीक पांढरी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते. इटलीतील फ्रांचेस्को जेन्नारी या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ती १७७६ मध्ये पाहिली, तेव्हा या भागाचा दृष्टीशी संबंध आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या रेघेच्या आसपासच्या थरात डोळ्यांचे तंतू कसे उतरतात, हे डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोघांनी १९६० च्या आसपास मांजरांवर आणि नंतर माकडांवर केलेल्या कामातून उलगडले. केसाहून बारीक तारेचे टोक एका पेशीजवळ नेऊन ते तिचे स्पंदन ऐकत आणि एकेका डोळ्यासमोर प्रकाशाची रेघ हलवत. काही पेशी फक्त डाव्या डोळ्याला उत्तर देत, काही फक्त उजव्याला, तर बऱ्याच दोघांनाही, पण कमी-जास्त. तार सालीत सरळ खाली नेली, तर वाटेतल्या सगळ्या पेशी एकाच डोळ्याकडे झुकलेल्या सापडत. तीच तार आडवी सरकवली, तर थोड्या अंतरावर पेशींचा कल दुसऱ्या डोळ्याकडे वळे आणि आणखी थोडे पुढे गेल्यावर पुन्हा पहिल्याकडे. या कामासाठी त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्याने पावसाळ्यात खानदेशातले शेत पाहिले आहे, त्याला ही रचना लगेच कळेल. कापसात मुगाचे आंतरपीक घेतलेले असते. एक पट्टा कापसाचा, शेजारचा मुगाचा, पुन्हा कापसाचा. माती एकच, पाऊस एकच, पण बांधावरून आडवे चालत गेले की पीक ठरावीक अंतराने बदलते. आपल्या दृष्टिबाह्यकातही डाव्या डोळ्याचा पट्टा, उजव्या डोळ्याचा पट्टा, अशी लागवड आहे. फरक इतकाच की तिथले पट्टे नांगराच्या तासासारखे सरळ नसतात, ते वळतात, फुटतात आणि पुन्हा जुळतात. माकडात एक पट्टा साधारण अर्धा मिलिमीटर रुंद असतो, तर माणसात पाऊण ते एक मिलिमीटर.

माणसाच्या पट्ट्यांची ही मापे प्रथम जिवंत माणसांकडून मिळालेली नाहीत. ज्यांचा एक डोळा आयुष्यात कधीतरी काढावा लागला होता, अशा व्यक्तींचा मेंदू मृत्यूनंतर अभ्यासासाठी देण्यात आला. गेलेल्या डोळ्याचे पट्टे कामाविना फिके पडलेले होते आणि पेशींची ऊर्जा वापरण्याची क्षमता दाखवणारा एक रंग त्यावर चढवल्यावर ते उरलेल्या डोळ्याच्या गडद पट्ट्यांच्या मधोमध उठून दिसले. घरच्या कोणीतरी दुःखाच्या वेळी दिलेल्या संमतीमुळे हे ज्ञान आपल्या हाती आले आहे, याची आठवण मला तो नकाशा पाहताना दरवेळी होते.

त्या नकाशात एक लांबट गोल जागा अशी आहे, जिथे पट्टेच नाहीत. तिचे कारण घरी बसल्या पाहता येते. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहा आणि कागद हळूहळू जवळ-दूर करा. सुमारे एका वितीच्या थोडे पुढे एका अंतरावर ठिपका नाहीसा होतो. नस जिथून डोळ्याबाहेर पडते, तिथे पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे नजरेच्या त्या तुकड्याची खबर देणारा एकच डोळा उरतो, आणि मेंदूत त्याच्या वाट्याची जमीन सलग एकाच पिकाखाली असते.

आता हे सगळे जिवंत, जाग्या माणसात, कवटीला धक्का न लावता पाहायचे कसे? इथे फंक्शनल एमआरआय कामाला येतो, आणि त्याच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. वर्तमानपत्रात मेंदूचे करडे चित्र येते, त्यावर लाल-पिवळा डाग असतो, आणि खाली लिहिलेले असते की विचार करताना मेंदूचा हा भाग उजळला. मेंदूत काहीही उजळत नाही. यंत्र मज्जापेशींना थेट पाहतही नाही, ते पाहते रक्ताला.

लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ मध्ये दाखवले होते की प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन आणि प्राणवायू देऊन रिकामे झालेले हिमोग्लोबिन चुंबकाशी वेगवेगळे वागतात. रिकामे हिमोग्लोबिन भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करते आणि त्यामुळे एमआरआयचा संकेत त्या जागी थोडा मंदावतो. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी हाच फरक मेंदूचे काम टिपण्यासाठी वापरता येईल हे दाखवले आणि दोन वर्षांत माणसाच्या दृष्टिबाह्यकाची अशी चित्रे निघाली. पेशी कामाला लागल्या की त्या भागातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिथे रक्त येते ते गरजेहून कितीतरी जास्त. एका सुकलेल्या वाफ्यासाठी पाटाचे दार उघडावे आणि सगळी चारी भरून वाहावी, तसे. जादा ताज्या रक्तामुळे रिकामे हिमोग्लोबिन वाहून जाते, गडबड कमी होते आणि संकेत थोडा वाढतो. ही वाढ नेहमीच्या यंत्रात शेकडा एक-दोन इतकीच असते. शिवाय पेशी सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर देतात, पण रक्ताचा पूर यायला पाच-सहा सेकंद लागतात.

पट्ट्यांच्या बाबतीत याहून मोठी अडचण होती. नेहमीचा फंक्शनल एमआरआय मेंदूची विभागणी दोन-तीन मिलिमीटरच्या घनांमध्ये करतो आणि प्रत्येक घनासाठी एकच आकडा देतो. तीन मिलिमीटरच्या घनात डाव्या-उजव्या डोळ्याचे तीन-चार पट्टे मावतात, म्हणून दोन्ही डोळ्यांचे उत्तर त्या आकड्यात एकत्र होऊन जाते. सातपुड्यात मनुदेवीच्या बाजूला थोडे वर चढून यावल तालुक्यातील शिवाराकडे पाहिले, तर सगळे हिरवेच दिसते, कापूस कोणता आणि मूग कोणता हे तिथून सांगता येत नाही.

उपाय दोन बाजूंनी झाला. एक म्हणजे चुंबक वाढवले. टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचे एकक. आपल्याकडच्या चांगल्या एमआरआय केंद्रात तीन टेस्लाचे यंत्र असते, जे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ६०,००० पट आहे. १९९७ मध्ये रवी मेनन, ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार टेस्लावर माणसातले पट्टे टिपल्याचे प्रसिद्ध केले, २००१ मध्ये जपानमधील कांग चेंग आणि सहकाऱ्यांनी त्याच ताकदीवर अधिक स्पष्ट नकाशे काढले, आणि २००७ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात एसा याकूब यांच्या गटाने सात टेस्लावर ते आणखी खात्रीने दाखवले. चित्रातला एकेक ठिपका आता सालीच्या पृष्ठभागावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आला होता.

दुसरी बाजू वजाबाकीची. यंत्रात झोपलेल्या माणसाच्या डाव्या डोळ्यापुढे काही सेकंद लुकलुकणारा चौकटींचा पट ठेवायचा आणि उजव्यापुढे अंधार. मग उलट करायचे. असे पुष्कळ वेळा करून डाव्या डोळ्याच्या वेळच्या चित्रातून उजव्याच्या वेळचे चित्र वजा करायचे. दोन्ही वेळा जे सारखे होते ते निघून जाते आणि ज्या डोळ्याने जिथे थोडे अधिक उत्तर मिळवले, तेवढाच फरक शिल्लक राहतो. मूग कापसाच्या आधी तयार होतो. शेंगा काळ्या पडून त्याचा पाला पिवळा झाला की डोंगरावरूनही ओळी वेगळ्या दिसू लागतात. वजाबाकी हेच काम करते.

तरीही एक फसगत उरते, आणि या विषयातली सर्वांत सुंदर तांत्रिक गोष्ट मला तीच वाटते. वापरलेले रक्त केशवाहिन्यांतून लहान शिरांत आणि तिथून सालीच्या पृष्ठभागावरच्या मोठ्या शिरांत जाते. त्या मोठ्या शिरेत अनेक पट्ट्यांचे रक्त एकत्र झालेले असते. जोराच्या पावसानंतर खालच्या नाल्याला गढूळ पाणी आले, तर वरच्या अंगाला कोणाच्या तरी शेतातली माती वाहून गेली एवढे कळते, कोणत्या ओळीतली हे कळत नाही. एमआरआयच्या सोप्या पद्धतीला हा नालाच सर्वांत ठळक दिसतो. मिनेसोटातील गटाने स्पिन एको नावाची पद्धत वापरली. तीत मोठ्या शिरांभोवतीचा संकेत बराचसा पुसला जातो आणि बारीक केशवाहिन्यांभोवतीचा शिल्लक राहतो, आणि चुंबक जितके ताकदवान तितका हा फायदा वाढतो. शिवाय ज्यांच्या मेंदूत ती घडी पुरेशी सपाट आहे, अशीच माणसे त्यांनी निवडली, कारण वळणावर पट्टा एका ठिपक्यात नीट बसत नाही. डोके अर्धा मिलिमीटर हलले तरी डाव्याचा पट्टा उजव्यात जातो. म्हणून पुन्हा मोजल्यावर तीच नक्षी आली पाहिजे, ही अट इथे पाळावीच लागते.

इतके करून जे पट्टे दिसले, ते असतात तरी कशासाठी, याला अजून सर्वमान्य उत्तर नाही. उंदरात असे पट्टे नसतात. काही माकडांत ते एकाच जातीच्या दोन प्राण्यांत कमी-जास्त असतात, आणि पट्टे नसलेले प्राणीही नीट पाहतात. १९७८ मध्ये एका प्रयोगात बेडकाच्या भ्रूणाला तिसरा डोळा बसवला गेला. बेडकात दोन डोळ्यांचे तंतू मेंदूच्या वेगवेगळ्या बाजूंना जात असल्याने पट्टे पडत नाहीत. तिसऱ्या डोळ्याचे तंतू एका जुन्या डोळ्याच्या जागेत शिरले आणि तिथे दोघांचे आलटून पालटून पट्टे पडले. एकाच जमिनीवर दोन हक्कदार आले की आपोआप पट्टे पडतात, असा याचा अर्थ मी घेतो, आणि आळशी डोळ्याची सगळी कहाणी या हक्काच्या भांडणातच आहे.

ह्युबेल आणि वीझल यांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिल्लांचा एक डोळा दोन-तीन महिने शिवून बंद ठेवला. नंतर तो उघडला, तेव्हा डोळा ठीक होता, पण दृष्टिबाह्यकातल्या जवळजवळ सगळ्या पेशी उघड्या राहिलेल्या डोळ्यालाच उत्तर देत होत्या. पुढे माकडात त्यांनी दाखवले की लहानपणी बंद राहिलेल्या डोळ्याचे पट्टे अरुंद होतात आणि उघड्या डोळ्याचे रुंदावतात. शेजाऱ्याने दरवर्षी बांध एकेक तास कोरत न्यावा, तसे. मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस बंद ठेवला, तर असे काही होत नाही. आणखी महत्त्वाचे हे की पिल्लाचे दोन्ही डोळे बंद ठेवले, तर एकच बंद ठेवण्याइतका पेशींवरचा हक्क जात नाही. म्हणजे नुकसान केवळ अंधाराने होत नाही, शेजारचा डोळा चांगला चालू असतो म्हणून होते.

पारोळ्याच्या त्या मुलीचा डोळा बंद नव्हता, नंबरमुळे फक्त धूसर होता. अशा धूसरपणाने आळशी झालेल्या डोळ्याच्या एका व्यक्तीचा मेंदू मृत्यूनंतर तपासला गेला आणि १९९३ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पट्टे अरुंद झालेले नव्हते. जमीन सात-बाऱ्यावर तितकीच होती, पीक मात्र कमी येत होते. फंक्शनल एमआरआयने जिवंत माणसात नेमके हेच दाखवले आहे. आळशी डोळ्याला चित्र दाखवले की दृष्टिबाह्यकाचे उत्तर चांगल्या डोळ्याच्या तुलनेत दुबळे येते आणि थॅलॅमसमधल्या ठाण्यातही ते कमी भरते. जन्मापासूनचा मोतीबिंदू वेगळा, तो पहिल्या महिन्यांत पट्टेच खातो. म्हणून तिथे डॉक्टर आठवडे मोजतात.

चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची ती याचसाठी, की काही तास शेजारी गप्प राहावा आणि दुबळ्या डोळ्याचे म्हणणे मेंदूला ऐकावे लागावे. आधी योग्य नंबरचा चष्मा, कारण धूसर खबर कितीही वेळ ऐकवली तरी उपयोग नाही. मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्यासाठी रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच गुण देते, हे अमेरिकेतील बालनेत्रतज्ज्ञांच्या मोठ्या चाचणीत २००३ मध्ये दिसून आले. आठव्या-नवव्या वर्षानंतर काहीच होत नाही, ही जुनी समजूतही त्यांच्याच पुढच्या कामाने सैल केली. उशिरा गुण येतो, पण कमी येतो.

मोठ्यांच्या मेंदूतही हे भांडण पूर्ण मिटलेले नसते. निरोगी प्रौढांचा एक डोळा दोन-अडीच तास झाकून नंतर उघडला, तर वाटते त्याच्या उलटे घडते. झाकलेलाच डोळा काही वेळ वरचढ ठरतो, आणि २०१८ मध्ये सात टेस्लाच्या यंत्राने दाखवले की त्या वेळी दृष्टिबाह्यक त्याला अधिक जोराने उत्तर देते. खबर कमी झाली म्हणून मेंदू कान अधिक टवकारतो, असे मला त्यातून दिसते. मात्र यावरून घरी कोणी उलटसुलट पट्टी लावू नये. मुलांमध्ये कोणता डोळा आणि किती वेळ, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

पालक विचारतात की मग मुलीचा असा एमआरआय काढायचा का. आळशी डोळ्यासाठी त्याची गरज नाही. पट्टे दाखवणारी यंत्रे संशोधनासाठी आहेत आणि निदानाला तक्ता, डोळ्यात उजेड टाकून नंबर काढणारा रेटिनोस्कोप, डोळ्यात टाकायचे थेंब आणि डोळा झाकून पाहणारा हात पुरतो. फक्त तपासणी प्रत्येक डोळ्याची वेगळी झाली पाहिजे. त्या मुलीची नजर याआधी एकदा तपासली गेली होती, दोन्ही डोळे उघडे ठेवून, आणि कार्डावर नजर चांगली असा शेरा होता. जिला बोलता येत नाही अशा लहान मुलीचाही एक डोळा झाकून तिच्यापुढे खेळणे धरावे. एक झाकला तर ती खेळत राहते, दुसरा झाकला तर रडते, हात ढकलते, असे पुन्हा पुन्हा झाले, तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नये.

पट्टी सुरू झाली ती एप्रिलमध्ये. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, घामाने कडा सुटत होत्या आणि गालावर पुरळ आले होते. म्हणून आईने वेळ पहाटे आणि दिवेलागणीला वाटून घेतली. पहाटे अंगणात सूप घेऊन मुलीने तुरीच्या डाळीतले खडे वेचायचे, संध्याकाळी पुस्तकातल्या प्रत्येक ओळीतल्या “क”वर पेन्सिलने गोल करायचा. पहिले काही दिवस खडे डाळीतच राहत होते आणि सासूबाईंच्या दाताखाली येत होते. गणपतीच्या सुमारास ती तपासणीला आली, तेव्हा मी चांगला डोळा झाकला. तिने मान वळवली नाही, तक्त्यावरची पाचवी ओळ सावकाश वाचली आणि सहाव्या ओळीतली दोन अक्षरे चुकवली.